अठरा दांडे

एदेइकोने मला लग्नाचं विचारलं, तेव्हा मी चुलीपाशी बसून हरणाच्या शिरेचा दोरा दातांत धरून वळत होते. तोंड रिकामं नव्हतं म्हणून उत्तर द्यायला वेळ लागला. त्याला वाटलं, मी लाजले.

"वहिनी," तो म्हणाला, "सेर्कोला जाऊन चार महिने झाले. आता तू आणि मी... म्हणजे, रीतच आहे तशी."

मी दोरा तोंडातून काढला. "लग्नाचं विचारतोस आणि वहिनी म्हणतोस? आधी मला काय म्हणायचं ते तरी ठरवून ये."

पलीकडच्या बाजूला सासूबाई बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी चुलीत झुडपाची एक काटकी सरकवली आणि आमच्याकडे पाठ करून मांस कापायला घेतलं.

सेर्को माझा नवरा. ऑक्टोबरात नदी नीट गोठायच्या आत तो स्नोमोबिल घेऊन पलीकडे निघाला आणि पलीकडे पोचला नाही. एदेइको त्याचा धाकटा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो वाईट माणूस आहे असं मी कधीच म्हणणार नाही. धुक्यात हरवलेलं हरण तो नुसत्या अंदाजाने शोधून आणतो. स्वतःच्या विनोदावर सगळ्यांत आधी स्वतः हसतो. पण चांगला माणूस आहे म्हणून त्याच्याशी लग्न करायचं, तर यामालच्या अर्ध्या टुंड्राशी लग्न करावं लागेल.

आमच्यात तंबू बाईचा असतो. पुरुषाची हरणं, पुरुषाची स्लेज, पुरुषाचे देव. पण तंबू बाईचा. मी लग्न होऊन आले तेव्हा अर्धा तंबू घेऊन आले. एका बाजूचं आतलं पांघरूण, एका बाजूचं बाहेरचं पांघरूण, अठरा दांडे आणि जमिनीवर टाकायच्या चार फळ्या. पांघरुणाला बत्तीस कातडी लागली होती आणि आईला आणि मला ती शिवायला चार हिवाळे. उरलेला अर्धा सासूबाईंचा. दोन्ही अर्धे वादीने बांधले की एक तंबू. डावीकडे सेर्को आणि मी, उजवीकडे सासूबाई आणि एदेइको, मध्ये चूल. नऊ वर्षं असं चाललं.

"मी नाही म्हणतेय," मी सांगितलं.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. याला दुसरा शब्द आहे का?"

 मग त्याचा आवाज चढला. "मग करणार काय आहेस? मूल नाही, नवरा नाही. अर्ध्या तंबूवर जगणारेस? अर्धा तंबू उभा राहत नाही, वहिनी. महिनाअखेरीला व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर येईल, त्यात बसून गावात मावशीकडे जा."

"आणि माझी हरणं?"

"माझ्या कळपात राहतील. दर वर्षी मांस पाठवीन की."

"फार उपकार झाले."

माझी मावशी गावात तिसऱ्या मजल्यावर राहते. नवरा गेल्यावर तिला असंच ट्रॅक्टरमध्ये बसवून पाठवलं होतं. भिंतीतून गरम पाण्याचे नळ गेलेत, काम काही नाही, बिचारी दिवसभर खिडकीशी बसते. कुणीही भेटायला गेलं की पहिला प्रश्न विचारते, आज वारा कुठला? उत्तर ऐकून मान हलवते, जणू आता उठून तंबूचं दार फिरवायला जाणार आहे. मागच्या वर्षी मी तिथून निघाले ती जिन्यातच बसून रडले. मला तिथे पाठवायचं म्हणजे मला पुरायचंच, फक्त जरा उबदार जागी.

"ठीक आहे," एदेइको म्हणाला. "नव्या तळावर तुझा तंबू तू, आमचा आम्ही. मग बघू."

तो मनात हिशेब करत होता की हिला एक संध्याकाळ थंडीत कुडकुडू दे, आपोआप येईल. मला त्याच्या तोंडावरून कळत होतं. त्याच्या हिशेबात एक चूक होती, पण ती मी त्याला तेव्हा सांगितली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही तळ हलवला. तंबू उतरवताना दोन पांघरुणांमधल्या वाद्या सोडायची वेळ आली. एरवी आम्ही त्या सोडत नाही, नुसत्या सैल करतो. गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. मी हातमोजे काढून सोडायला लागले, तर सासूबाई आल्या आणि त्यांनी मला कोपराने बाजूला केलं. त्यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत. त्यांनी वाकून एकेक गाठ दातांनी सोडवली.

"आई, तुमचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"मला कोणी विचारलंय?" त्या म्हणाल्या आणि वादी गुंडाळून खिशात टाकली.

नवा तळ एका गोठलेल्या तळ्याच्या वर, उंचवट्यावर होता. बर्फाखाली शेवाळ चांगलं होतं, हरणं लगेच खुरांनी उकरायला लागली. सेर्कोचं थर्मामीटर माझ्या स्लेजला टांगलेलं होतं, ते उणे चव्वेचाळीस दाखवत होतं. वारा अजिबात नव्हता. एदेइकोने आपल्या स्लेज माझ्यापासून शंभर पावलं पुढे नेऊन थांबवल्या आणि मागे वळून न बघता हरणं सोडायला लागला. चांगली चूल त्याच्याकडे, तंबूतला देवाचा दांडा त्याच्याकडे, देवही त्याच्याकडे. माझ्याकडे उन्हाळ्यातली छोटी पत्र्याची चूल. देव तिकडे गेले ते बरंच झालं, तिकडे त्यांची गरज जास्त पडणार होती.

मी जागा बघितली. पायाने दाबून, फावड्याने खणून, जिथे बर्फ सारखा घट्ट होता तिथे मोकळं केलं. पत्रा ठेवला, त्यावर चूल. दोन्ही बाजूंना फळ्या. मग दोन मुख्य दांडे नेहमीच्या जागी बांधून उभे केले, बाकीचे सोळा भोवती टेकवले आणि पाच पावलं मागे जाऊन बघितलं.

 अर्ध्या पांघरुणात जेवढा घेर बसतो तेवढ्या घेरात ते दांडे उभे केले, तर तंबू उंच आणि चिंचोळा होत होता, उभ्या केलेल्या स्लेजसारखा. वारा आला की त्याला आडवं करायला दोन धक्के पुरे. घेर वाढवावा तर एका अंगाला भगदाड राहणार, त्यातून माणूस चालत आत येईल एवढं. एदेइको म्हणाला ते खोटं नव्हतं. तंबू दोन अर्ध्यांसाठी बेतलेला होता.

मी स्लेजवर बसले, गोठलेल्या माशाची साल काढली आणि पातळ काप करून चघळत विचार केला. रडू येत होतं, पण उणे चव्वेचाळीसमध्ये रडणं म्हणजे पापण्या चिकटवून घेणं. सेर्को असता तर म्हणाला असता, तू विचार करतेस तेव्हा तुझं नाक हलतं. मला त्याचा इतका राग आला! नदी गोठायची वाट बघायला काय झालं होतं? दोन दिवस! फक्त दोन दिवस थांबायचं होतं.

राग चढला की माझं डोकं चांगलं चालतं. मोठ्या माणसाचा फाटका अंगरखा लहान मुलाला करताना आपण काय करतो? खालची झालर तशीच ठेवतो आणि खांद्यात दुमडतो. इथेही घेर पायाशीच हवा होता. वरचा भाग आत दुमडला तर वर दुहेरी कातडं, ऊब जास्त, तंबू बुटका. लहान राहिला तरी चालेल, उंच राहता कामा नये. पण मग दांडे? ते वरून माझ्या उंचीच्या दीडपट बाहेर डोकावणार, आणि वारा त्यांनाच धरून तंबू उपटणार.

दांडे कापायला हवे होते.

मी हे सहज सांगतेय, पण आमच्याकडे झाडं नाहीत. गुडघ्याएवढी झुडपं आहेत, ती चुलीला. दांडे दक्षिणेच्या जंगलातून येतात. हे अठरा माझ्या बापाने तासून, धुरात वाळवून आणले होते. जाऊन यायला त्याला आठ दिवस लागले. बाई म्हातारी होते, मरते, तिचे दांडे तिच्या मुलीकडे जातात, मग नातीकडे. दांडा तुटला तर आमच्याकडे घरात कोणी वारल्यासारखी शांतता पसरते. मुद्दाम कापलेला मी तरी कुणाचा ऐकला नव्हता.

मी सेर्कोच्या पेटीतून करवत काढली. तिची प्लास्टिकची मूठ थंडीने पहिल्याच जोराला कडकन मोडली. मग मी पात्याला कातड्याचा तुकडा गुंडाळला, पहिला दांडा स्लेजवर आडवा ठेवला, त्यावर गुडघा रोवला आणि घासायला लागले.

आवाज गेला तळ्याच्या पार. एदेइको पळत आला. हातातला हाकायचा लांब दांडका आणि खांद्यावरचा फास वाटेतच पडले, तसाच आला.

"अगं, वेड लागलं का तुला? थांब! थांब म्हणतो!"

"थांबले तर पातं अडकतं," मी म्हटलं.

"दांडे कापतेयस? दांडे? हे पुन्हा जोडता येणार नाहीत, कळतंय का तुला?"

"येणारच नाहीत. म्हणून तर कापतेय." मी मान वर केली. "हे तुझ्या तंबूला लागायला नकोत. कुणाच्याच लागायला नकोत. उद्या कुणी मला म्हणायला नको, ये, तुझा अर्धा माझ्या अर्ध्याला बांध."

त्याने दांड्याचं दुसरं टोक धरलं आणि ओढायला लागला. अंगात ताकद आहे त्याच्या, दांडा माझ्या गुडघ्याखालून सरकला. मी करवत खाली ठेवली. त्याचा फास चार पावलांवर बर्फात पडला होता. मी उठून तिथे गेले, अंगरख्याची झालर उचलली आणि एक पाय फासावर अधांतरी धरला.

बाईने पुरुषाचा फास ओलांडला की तो बाटला.  बीव्हर या पाणप्राण्याच्या केसांची धुरी दिल्याशिवाय त्या फासाने हरण धरता येत नाही. आणि बीव्हरचे केस संपले होते, हे मला माहीत होतं. डबी मीच सांभाळत होते.

"दांडा सोड," मी म्हटलं, "नाहीतर ओलांडते."

"वहिनी, पाय खाली ठेव."

"खाली ठेवते. पलीकडे की अलीकडे, ते तू सांग."

"अगं, उद्या मला हरणं धरायचीत!"

"मग मला आज दांडे कापायचेत."

एका पायावर किती वेळ उभी राहिले कोण जाणे. माझं वजन काही हलकं नाही, पोटरी थरथरायला लागली होती. अजून थोडा वेळ गेला असता तर मी तोल जाऊन फासावरच बसले असते, मग तो सात पिढ्यांसाठी बाटला असता. बहुतेक त्यालाही तीच भीती वाटली. त्याने दांडा टाकून दिला.

"मर मग," तो फास गोळा करत म्हणाला. "ट्रॅक्टर येईपर्यंत उभा राहिला तर माझं नाव बदल."

"आणि एक ऐक," मी मागून ओरडले. "मी अर्ध्या तंबूची, तर तू कितीचा रे? उरलेला अर्धाच आहे ना तुझ्याकडे? तो कोण उभा करणार, देव?"

तो थांबला. हीच ती चूक. इतके दिवस त्याने फक्त माझा अर्धा मोजला होता. पाठमोरा होता तरी मला दिसलं, त्याच्या टोपीतल्या डोक्यात ते हळूहळू उतरतंय. मग तो आणखी जोरात चालायला लागला.

अठरा दांडे कापायला उजेड जाईपर्यंत वेळ लागला. शेवटच्या दोन दांड्यांना हात भरून आले होते, मी रेघेवर कापलं की नाही ते बघितलंही नाही. मुख्य जोडी बांधली, बाकीचे टेकवले, आणि पांघरुणाकडे वळले. थंडीत ताठ झालेलं एक पांघरूण म्हणजे एका मोठ्या माणसाचं वजन. दोन बायका दोन टोकं धरून दांडक्यांनी वर ढकलतात. माझ्याकडे दुसरी बाई नव्हती. मी पांघरुणाच्या कोपऱ्याची दोरी शेंड्यावरून पलीकडे टाकली, तिकडे स्लेजला जुंपलेल्या हरणाला बांधली. पांढऱ्या नाकाचा म्हातारा नर, माणसांपेक्षा तोच जास्त समजूतदार. त्याला पुढे चालवायचं, इकडे धावत येऊन पांघरूण दांड्यावर सरळ करायचं, पुन्हा तिकडे जाऊन थांबवायचं. तो एकदा जास्त चालला आणि सगळा सांगाडा कलला. मी शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण आतलं पांघरूण चढलं, त्यावर बाहेरचं चढलं. वरची कड आत दुमडून बांधली, खालच्या कडेवर बर्फाच्या विटा कापून लावल्या, फटी कुस्करलेल्या बर्फाने बुजवल्या. तंबूचा शेंडा माझ्या डोक्याच्या हातभर वर. चूल पेटवली आणि धूर सरळ वर गेला.

बाहेर येऊन बघितलं. बुटका, रुंद बुडाचा, एका अंगाला कललेला तंबू. हसण्यासारखा होता तो. पण त्यात एकही गोष्ट कुणाकडून मागून आणलेली नव्हती.

तिकडे शंभर पावलांवर वेगळाच तमाशा चालला होता. पुरुष तंबू बांधायला लागला की तो सारखा आजूबाजूला बघतो, कुणी बघत तर नाही ना. साठ किलोमीटरमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी अगदी आरामात बघत होते. सासूबाई स्लेजवर बसून हातवारे करून सांगत होत्या. तो मान हलवत होता आणि भलतंच करत होता. त्याने दांडे पूर्ण उंचीचे उभे केले, घेर मोठा ठेवला. अर्ध्या पांघरुणाने जेवढं झाकलं तेवढं झाकलं, आणि उरलेल्या बाजूला उन्हाळ्याची कापडी ताडपत्री बांधली. ती बाजू तळ्याकडे होती. सासूबाईंचा हात दोनदा तळ्याकडे गेला, दोनदा त्याने मान हलवली. मला ऐकू आलं नाही, पण त्या काय सांगत असतील ते मला माहीत होतं. इथे मोठा वारा तळ्यावरून येतो.

दुसऱ्या दिवशी मी वाळलेलं मांस घेऊन गेले. एदेइको हरणांकडे होता. आत ताडपत्रीच्या आतल्या बाजूला बोटभर दव गोठलं होतं आणि सासूबाई अंगरखा घालूनच बसल्या होत्या.

"माझ्याकडे चला," मी म्हटलं. "दोघींना पुरेल एवढी जागा आहे."

"मुलाला टाकून?"

"मुलगा अडतीस वर्षांचा आहे, आई."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "लहान असता तर कुणीही सांभाळला असता."

मी परत आले. सांगायला हरकत नाही, मला अपराधी वाटत होतं. ही भांडणं माझी आणि त्याची, त्यात थंडी मात्र त्यांना. एक क्षण वाटलं, जाऊ दे, जुळवून घ्यावं. पण दारातून आत आले, चुलीची ऊब तोंडावर आली, माझी ऊब, आणि ते वाटणं विरून गेलं.

त्या रात्री वारा सुटला, तळ्यावरूनच. वारा आला की थंडी थोडी सैल पडते, थर्मामीटर उणे तिसावर येतं, आणि माणसं मरतात ती तेव्हाच. सकाळी डोळे उघडले तर दांडे गुणगुणत होते. मी चुलीच्या वर, दांड्यांच्या जोडाला दोरी बांधली आणि तिचं खालचं टोक फळ्यांना आवळलं. झुडपाच्या काटक्या कमी होत्या. पण माझ्याकडे कापलेल्या दांड्यांचे अठरा शेंडे होते, इतकी वर्षं धुरात वाळलेले. पहिला चुलीत घालताना हात थबकला. बापाच्या कुऱ्हाडीच्या खुणा होत्या त्यावर. मग घातला, आणि काय सुंदर जळला तो!

दुपारच्या सुमारास, बाहेर दुधासारखा उजेड असताना, मला तो आवाज आला. आधी कापड फाटल्याचा, मग दांडे मोडल्याचा. ज्या बाईने एकदा तो आवाज ऐकलाय तिला तो दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

मी सगळ्या दोऱ्या, वाद्या, लगाम जे हाती लागलं ते एकाला एक बांधलं. एक टोक दाराच्या दांड्याला, दुसरं कमरेला. बाहेर हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. वाऱ्याकडे तोंड करून, अर्धी रांगत गेले. दोनदा चुकले, दोनदा दोरीने मागे आले. तिसऱ्या वेळी गुडघ्याला स्लेज लागली. पडलेल्या पांघरुणाखाली सासूबाई गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या, आणि पांघरूण उडू नये म्हणून एदेइको त्यावर पालथा पडला होता, हातपाय पसरून.

"चल!" मी त्याच्या कानात ओरडले.

"पांघरूण जाईल!"

"जाऊ दे! बर्फाने दाब आणि चल!"

"तू आईला ने!"

मी दोरी कमरेची सोडून त्याच्या स्लेजला पक्की बांधली. "ही धरून ये," म्हटलं. "मला पुन्हा यायला लावू नकोस." सासूबाईंना मिठीत धरलं आणि दोरीच्या आधाराने परत आले. त्या वजनाने इतक्या हलक्या होत्या की मला धक्का बसला.

तंबूत त्यांना चुलीजवळ बसवलं, बूट काढून त्यांचे पाय माझ्या अंगरख्यात पोटाशी धरले. बऱ्याच वेळाने त्यांना हुडहुडी भरली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी मान वर करून तंबू बघितला. दुमडलेलं पांघरूण, बुटके दांडे, एकेक करून.

"वाकडा आहे," त्या म्हणाल्या.

"आहे."

"सेर्कोचा बाप गेला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्याच्या धाकट्या भावाने मला आपल्या तंबूत नेलं. एदेइको त्याचा." त्यांनी बोटं चुलीकडे नेली. "तो मारायचा नाही हो. चांगला होता. फक्त, मला कोणी विचारलं नव्हतं."

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"घरात करवत होती," त्या म्हणाल्या. "हात धजावला नाही."

मी त्यांचे पाय आणखी जवळ घेतले. तिसरा शेंडा चुलीत घातला.

मग दोरी हलली. दारात ओढ लागली, पडदा वर झाला आणि आधी बर्फाचा लोट आत आला, त्यामागे एदेइको. भुवया पांढऱ्या, गाल राखाडी. त्याने एक पाय आत टाकला आणि नेहमीसारखा सरळ चुलीच्या मागे, घरच्या पुरुषाच्या जागेकडे निघाला. "चहा दे," तो म्हणाला. नऊ वर्षं असाच म्हणायचा.

मी उठून त्याच्या छातीवर हात ठेवला.

"कोणाच्या तंबूत आलास?"

"वहिनी, मरतोय मी."

"मरायच्या आत विचार. आत यायचं तर आधी विचारतात."

"आई, सांग ना हिला!" तो माझ्या खांद्यावरून ओरडला. सासूबाई चुलीकडे बघत राहिल्या. वाऱ्याने पडदा त्याच्या पाठीवर फाडफाड आपटत होता.  मी हात काढला नाही. 

"तुझ्या," तो म्हणाला.

"नीट."

"तुझ्या तंबूत येऊ का?"

"आणि ट्रॅक्टर आला की?"

त्याने डोळे मिटले. "रिकामा जाऊ दे त्याला."

मी हात खाली घेतला. तो पुढे सरकणार, एवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, इतका खणखणीत की मी नऊ वर्षांत ऐकला नव्हता.

"एदेइको! बाईच्या तंबूत असा बर्फ घेऊन येतात? मागे हो, बाहेर उभा राहून अंग झाड, मग ये."

तो मुकाट्याने मागे सरला. बाहेर वाऱ्यात त्याने अंगरखा झाडल्याचा धपधप आवाज बराच वेळ येत राहिला. मग मी त्याला आत घेतलं आणि दाराजवळ बसवलं.